पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

गावातली ऐंशीच्या पुढची माणसं आमच्या मोठ्या मामांना आजही 'अर्जवाले गुरुजी' म्हणतात. गुरुजी ते पुढे झाले, अर्जवाले मात्र कॉलेजात असतानाच झाले होते. १९५४ साली ते बीड जिल्ह्यातल्या आमच्या आजोळातून औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेले. त्या दिवाळीला घरी आले, तर ट्रंक अजून डोक्यावरच होती आणि दारात वस्तीतली म्हातारी माणसं वाट बघत बसलेली. प्रत्येकाजवळ फडक्यात बांधलेला एकेक कागद. त्यातले बरेचसे निजामाच्या अमलातले, उर्दूतले. कागद जमिनीचा आहे की कर्जाचा, हेही बाळगणाऱ्याला ठाऊक नसायचं. गावात उर्दू वाचणारे दोघेच, एक पटवारी आणि दुसरा सावकाराचा मुनीम. त्या दोघांना विचारायची सोय नव्हती.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात येण्यापूर्वी मामा उर्दू शाळेत तीन-चार वर्षं शिकले होते. त्या जोरावर त्यांनी ओसरीवर बसून एकेक कागद लावला. जेवायला हाक आली तेव्हा दिवे लागले होते. मामा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज थोडा चढायचा. "त्या दिशी मला कळलं, कॉलेजात मी एकलाच गेलो नव्हतो. अख्खी वस्ती माझ्यासंगं नाव घालून बसली होती."

मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. 'सामाजिक न्यायासाठी युवा नेतृत्व' अशा नावाची शिबिरं आमच्याकडे होतात, फलक लागतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. मी त्यात मनापासून भाग घेते. पण मुलं नेमकी कशानं घडतात हा प्रश्न समोर आला की मला मामा आणि धाकटी मावशी यांच्याच गोष्टी आठवतात. त्यांच्या गोष्टींत भाषण फार थोडं आहे. कागद, हिशेब, पंगत आणि याद्या मात्र पुष्कळ आहेत.

मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराचा, म्हणजे नागसेनवनाचा इतिहास आता पुस्तकांत आहे, तरी थोडक्यात सांगायला हवा. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पुढचं शिक्षण घ्यायचं तर बहुतेक वेळा हैदराबाद गाठावं लागे, आणि तिथं उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याआधीच, १९४६मध्ये, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं होतं. दुसऱ्या मोठ्या कॉलेजसाठी त्यांनी औरंगाबाद निवडलं. १९५०मध्ये वर्ग सुरू झाले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावून सोडणारा आणि उत्तरं पटल्यावर ती मान्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद. त्याचं नाव कॉलेजला दिलं गेलं आणि नागसेनाचं परिसराला.

कोनशिलेच्या वेळच्या निवेदनात बाबासाहेबांनी जे म्हटलं त्याचा आशय मला फार महत्त्वाचा वाटतो. खालच्या थरांतल्या मुलांना खायला-ल्यायला देऊन वरच्या वर्गांच्या चाकरीला लावणं म्हणजे त्यांना वर आणणं नव्हे; त्यांच्या मनात भरवलेला कमीपणा निघाला पाहिजे, आपल्या जगण्याचं मोल त्यांना आणि देशाला कळलं पाहिजे. एका कॉलेजच्या उद्दिष्टात ही गोष्ट लिहून ठेवणारा माणूस शिक्षणाकडून काय मागत होता, याचा विचार आजच्या प्रत्येक प्राध्यापकानं वर्गात पाऊल टाकताना करावा असं मला वाटतं.

मामांकडे फीचे पैसे नव्हते. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली होती. तिला मामा आयुष्यभर 'स्कॉलर' म्हणत आले. "स्कॉलर आली का?" असं ते माझ्या विद्यार्थ्यांनाही विचारायचे.

मामांची पहिली परीक्षा मात्र मिलिंदच्या आधीची. मॅट्रिकसाठी ते एका छोट्या बोर्डिंगात राहत होते. तिथं महारांची मुलं होती, मांगांची होती, एक-दोन चांभारांची. वरच्यांनी शिवू नये म्हणून ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्याच मुलांची जेवताना तीन टोळकी व्हायची. पाण्याचा डेरा एकच, पण तांब्या कुणाचा यावरून कुरबुर. मामांनी कुणाला उपदेश केला नाही. त्यांनी वाढप्याची पाळी लावली. भिंतीवर कागद चिकटवला: सोमवारी हा, मंगळवारी तो. पाळी असेल त्यानं सगळ्यांना भाकरी वाढायची, डाळ वाढायची, शेवटी स्वतः बसायचं. दोन मुलं ताटावरून उठून गेली. मामांनी दोघांची ताटं झाकून ठेवली आणि रात्री त्यांच्यासमोर आणून ठेवली. महिना-दीड महिना लागला. "अन् मंग?" असं आम्ही लहानपणी विचारायचो. "मंग काय, पाळी कुणाची यावरून भांडायला लागले. तांब्या राह्यला बाजूला."

आपल्यावर अन्याय झाला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही, हे सोळा-सतरा वर्षांच्या त्या पोरानं भाकरीच्या टोपलीशी ओळखलं. पुढच्या त्यांच्या सगळ्या कामाची मुळं मला त्या भिंतीवरच्या कागदात दिसतात.

मिलिंदच्या वसतिगृहात मुलांनी त्यांच्याकडे खाणावळीची वही दिली. त्या वहीचं वर्णन मामा एखाद्या पोथीचं करावं तसं करायचे. डाव्या बाजूला आलेलं, उजव्या बाजूला गेलेलं. ज्वारी किती पायली, डाळ किती शेर, सरपण, मीठ, आचाऱ्याचा पगार. महिनाअखेरीला सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचं. खेड्यातून आलेली, वर्गात प्राध्यापकांनी विचारलं तर खाली मान घालणारी मुलं इथं मात्र बोलायची, कारण प्रश्न त्यांच्या ताटाचा होता. एकानं एकदा विचारलं, गेल्या महिन्यात मुलं कमी होती, मग सरपण जास्त कसं? मामांना उत्तर देता येईना. त्यांनी पुढच्या आठवड्यात वखारीत जाऊन लाकूड स्वतः तोलून घेतलं, तेव्हा काटा मारलेला निघाला. प्रश्न विचारणारा मुलगा अंबड भागातला, अडखळत बोलणारा. पुढे तो वकील झाला. मामा म्हणायचे, वकिलीची सनद त्याला त्याच दिवशी मिळाली.

चारचौघांत उठून प्रश्न विचारणं, आणि विचारलेल्या प्रश्नाला न चिडता उत्तर देणं, या दोन गोष्टी त्या संस्थांनी जाणून-बुजून शिकवल्या. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट चालायची आणि १९५०मध्ये खुद्द बाबासाहेब तिथं हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदेमंत्री कॉलेजच्या मुलांपुढे वारसाहक्काची आणि स्त्रियांच्या अधिकारांची उकल करतो, हे दृश्य मनाशी आणून बघावं. त्याच्याही मागे गेलं तर सोलापूर. बहिष्कृत हितकारिणी सभेनं जानेवारी १९२५मध्ये तिथं वसतिगृह काढलं, आणि त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. राहण्याची सोय म्हणून या जागांकडे बघणं म्हणजे त्यांचं निम्मं काम न बघणं.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस. जन्मानं सवर्ण, पण बाबासाहेबांच्या कामात पूर्ण मिसळलेले. त्यांनी लिहिलेलं 'युगयात्रा' हे नाटक १९५५मध्ये विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या समोर केलं, आणि पुढे नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट समुदायापुढे. मामांचं काम पडदा ओढायचं. दोरीनं हाताला घट्टे पडले म्हणून ते तळहात पुढे करून आम्हाला दाखवायचे. घट्टे कधीच गेलेले असायचे, तरी आम्ही बोट फिरवून बघायचो. त्यांचा खोलीतला सोबती नाटकात होता. गावी ज्याला येसकरीच्या पाळीला वाड्यापुढे वाकून उभं राहावं लागे, तो मुलगा रंगमंचावर ताठ उभा राहून आपल्याच समाजाचा इतिहास बोलत होता. सुटीत तो गावी गेला आणि वाड्यापुढे त्याला वाकता येईना. मार खावा लागला. पण वाकणं त्याच्यानं पुन्हा जमलं नाही. माझ्या मनात ही गोष्ट फार खोल रुतली आहे, कारण नाटकानं माणूस बदलतो हे आपण सहज म्हणतो. बदललेल्या माणसाला त्याच गावात परत जावं लागतं, त्याचं काय होतं, हे मामांच्या तोंडून ऐकलं.

पुढच्या काळात नागसेनवनातून साहित्याची मोठी लाट उठली. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले, तिथल्या काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या तरुणांपुढे ठेवलं. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि किती तरी नव्या हातांना लिहितं केलं. वामन निंबाळकरांसारखे कवी याच परिसरात घडले. यावर चांगलं लेखन झालेलं आहे. मामा कवी नव्हते आणि त्यांची नोंद कुठल्या इतिहासात नाही. त्यांच्यासारख्या शेकडो जणांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत, तहसील कचेऱ्यांत, पोस्टात नोकऱ्या धरल्या आणि आपापल्या गावाचं काम केलं. चळवळ टिकली ती यांच्या खांद्यावर, हे मी ठामपणे म्हणते.

अर्ज कसा लिहावा हे मामा मुलांना हाताला धरून शिकवायचे. वर 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी'. डावीकडे चार बोटं समास, कारण साहेबाला शेरा मारायला जागा लागते. पहिल्या ओळीत अर्जदाराचं नाव, वय, धंदा, राहणार. मग सर्वे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. रडगाणं नको. "तुजं दुःख त्याला वाचायचं न्हाई, नंबर वाचायचाय," असं ते म्हणत. दोन प्रती. एक कचेरीत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. पोच मिळाल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही, संध्याकाळ झाली तरी. आणि अर्ज मामांनी लिहिला तरी द्यायला ज्याचा त्यानं जायचं. मामा सोबत जायचे, पण कचेरीच्या पायरीवर थांबायचे. कुणाला हे कठोर वाटायचं. माझ्या मते त्यांच्या नेतेपणाचा गाभा इथं आहे. त्यांना आपल्यामागे माणसं नको होती, साहेबाच्या टेबलापुढे उभी राहणारी माणसं हवी होती.

डिसेंबर १९६४मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षानं भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. गायरान आणि पडीक जमिनी भूमिहीनांना द्या ही मुख्य मागणी. संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा हीही एक. देशभरात लाखो लोक तुरुंगात गेले. मामा सरकारी नोकरीत, त्यांना जाता येईना. ते रात्रभर अर्ज लिहीत आणि पहाटे शाळेला जात. तुरुंगात मामी गेली, कडेवर माझा मामेभाऊ घेऊन. मामी शाळेची पायरी चढलेली नव्हती. जेलात बायकांना तिनं सर्वे नंबर तोंडपाठ करायला लावले, कारण कागद पोलीस काढून घेतील. ही युक्ती मामांना सुचलेली नव्हती, हे ते स्वतः अभिमानानं सांगत.

धाकटी मावशी १९७८मध्ये औरंगाबादला बी.ए.ला होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं या मागणीनं तेव्हा जोर धरला होता आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, विहिरींत घाण टाकली गेली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचं नाव नामांतराच्या शहिदांत आजही घेतलं जातं. गावं सोडून लोक शहराकडे निघाले.

मावशी आणि तिच्या मैत्रिणी पीठ, चादरी, भांडी गोळा करू लागल्या. दोन-तीन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की मदत पोचते आहे, पण काय गेलं हे कुणी लिहून घेत नाही. नुकसानभरपाईचा प्रश्न येईल तेव्हा हातात काय असणार? तिनं दोनशे पानी वही घेतली आणि एकेका बाईपुढे बसली. नाव, गाव, घरातली माणसं, काय होतं, काय उरलं. मी ती वही पाहिली आहे. निळ्या शाईतलं तिचं बारीक अक्षर: 'पितळी तांबे २, शेळ्या ३, ज्वारी दीड पोतं, शिवणाचं मशीन १, मुलीच्या लग्नाचं लुगडं १, पोराची दहावीची पुस्तकं.' एका पानावर नुसतं 'काही आठवत नाही म्हणते' असं लिहून खाली रेघ ओढली आहे. चार पानांनंतर त्याच बाईचं नाव पुन्हा, आणि पुढे भरभरून यादी. मावशी तिच्याकडे पुन्हा गेली होती. सगळ्या बायका सगळं सांगून झाल्यावर स्वतःची गोधडी शेवटी सांगायच्या, किंवा विसरायच्याच. म्हणून मावशीनं प्रत्येकीला अखेरीस एक प्रश्न ठरवून टाकला: "आणि तुझं, एकटीचं काय होतं?"

ती तेव्हा वीस वर्षांची होती. मोर्चात तिनं घोषणा दिल्या, लाठ्या खाल्ल्या, पण आपण कोण आहोत हे तिला या वहीनं कळलं असं ती म्हणते. लोकांनी जळकं घर मागे टाकून येऊन तिच्यापुढे बसावं आणि तिनं लिहिलेलं खरं धरलं जाईल असा विश्वास टाकावा, यानं ती अंतर्बाह्य बदलली.

नामांतराच्या बाजूनं सगळ्या जातींची मुलं होती, युवक क्रांती दलासारख्या संघटना उघडपणे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही शिव्या खाल्ल्या. पण विरोधात होती तीही कॉलेजचीच मुलं. यातली कितीतरी १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात एकाच रस्त्यावर उतरली होती, मागासलेल्या मराठवाड्याला न्याय द्या म्हणत होती. चार वर्षांत तीच मुलं दोन बाजूंना गेली. मावशीच्या वर्गातली एक जिवाभावाची मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाली. न्यायाची मागणी आपल्यासाठी करणं सोपं असतं. ती दुसऱ्यासाठी, आणि आपल्या घरच्यांच्या विरोधात जाऊन करायची वेळ येते, तेव्हा तरुण माणसाची खरी ओळख ठरते. कॉलेजात ही वेळ येते, तशी पुढच्या आयुष्यात क्वचितच येते.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. विद्यापीठ 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' झालं. त्या दिवशी मावशी विद्यापीठाच्या दरवाजापाशी गेली होती, मामांना घेऊन. तिथल्या गर्दीत मामांना मिलिंदचा एक जुना सोबती भेटला आणि दोघं खाणावळीच्या सरपणाच्या हिशेबावरून वाद घालत बसले, असं ती हसत सांगते.

योगायोग असा की त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद केल्या. त्याआधी निवडणुकांत हाणामाऱ्या आणि खूनही झाले होते, हे खरं आहे. म्हणून गुणांवर प्रतिनिधी नेमायचं ठरलं. २०१६च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण ते जुनं वातावरण काही परतलं नाही. वसतिगृहांच्या खाणावळी बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेल्या. मुलांच्या हाती हिशेबाची वही राहिली नाही, आणि आम्ही त्यांच्यासाठी नेतृत्वाची व्याख्यानं ठेवू लागलो. मला याचं वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो. ज्याच्यावर कुणी कसलाच भरवसा टाकलेला नाही अशा मुलाला भाषणानं नेता कसं करणार?

तरी मुलं थांबलेली नाहीत. आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाची मुलं नव्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मोबाइलवर भरून देतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार बँकेला जोडलेलं आहे की नाही, त्रुटी कुठली निघाली. त्यांतली ऊसतोड कामगाराची एक मुलगी आता फॉर्म स्वतः भरत नाही. शेजारी बसून समोरच्याच्या हातून भरून घेते आणि भरल्याचा क्रमांक वहीत लिहायला लावते. मामांची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

या वर्षी आम्ही वसतिगृहाची भोजन समिती मुलांच्या हाती दिली. ठेका संपला तेव्हा प्राचार्यांना पटवायला बराच वेळ लागला, पण त्यांनी मान्य केलं. पहिल्याच बैठकीत वाद पेटला. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार वाढवायचा तर महिन्याचा खर्च वाढतो, आणि काही मुलांना तोही जड आहे. एक मुलगा म्हणाला, दोन रविवार गोड बंद करू. दुसरा म्हणाला, गरीब मुलांच्याच ताटातून का काढायचं, ज्यांचे आई-बाप नोकरीत आहेत त्यांनी जास्त द्यावं. तिसरी म्हणाली, मावशींना कुणी विचारलंय का त्यांना किती हवेत? रात्री अकरापर्यंत ठरलं नाही. बैठक पुढच्या शनिवारवर गेली आहे, आणि मावशींनी समितीत बसावं असा ठराव आधी मांडायचा, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं आहे.